बाबांच्या डेस्कटॉपवरची पोरं

आमच्या घरात ‘मशीन’ म्हटलं की शिलाईचं नाही, धुण्याचं नाही, बाबांचा कॉम्प्युटर. बाबा आंघोळ करून, गंध लावून, देवाला हात जोडून यायचे, मशीनचं बटण दाबायचे आणि बाहेर ओट्यावर पेपर घेऊन बसायचे. आतून आई ओरडायची, “उठलं का हो तुमचं लाडकं?” बाबा खिडकीतून डोकावून बघायचे. “डोळे उघडलेत. उठलं नाही अजून.” आईचं वरण शिजायचं, पोळ्या व्हायच्या, भाजीला फोडणी पडायची, आणि पडद्यावर ते वाळूचं घड्याळ आपलं तसंच.

तुम्ही म्हणाल, मग नवीन घ्या की. अहो, नवीनच होता! चकचकीत लॅपटॉप, मीच आणलेला. पण बाबा ज्यात टाइप करतात ते मराठीचं जुनं सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालत नाही, आणि जुनं मशीन एका पावसाळ्यात व्होल्टेजच्या झटक्यानं गेलं. त्याची डिस्क तेवढी वाचली. मग मी नव्या लॅपटॉपच्या आत एक खोटा कॉम्प्युटर उभा केला आणि बाबांचं सगळं जुनं जग जसंच्या तसं त्यात नेऊन बसवलं. आमच्या धंद्यात याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. माझं पोट त्यावरच चालतं. बुऱ्हाणपुरात घरी बसून मी कुठल्या तरी दूरच्या शहरातली अशी ढीगभर मशीनं सांभाळते. आईच्या भाषेत उंटावरून शेळ्या हाकते.

आईला मी समजावून सांगितलं होतं, “मशीनच्या पोटात मशीन आहे, म्हणून वेळ लागतो.” आई पोळी लाटता लाटता म्हणाली, “अय माय! म्हणजे दिवस गेलेत म्हण की. मग घाई नको करू बिचाऱ्याला.”

हसण्यावारी नेलं आम्ही. पण एक दिवस समाजाचे अध्यक्ष आले आणि हसणं थांबलं.

बाबा तहसील कचेरीत बाबू होते. नोकरीत असल्यापासून आमच्या समाजाची वधू-वर परिचय पुस्तिका तेच तयार करतात. लग्नाच्या पोरापोरींचे फोटो, शिक्षण, उंची, मामाचं कूळ, अपेक्षा, सगळं एकेक बोट मारून टाइप करायचं, प्रूफ काढायचं, अध्यक्षांना दाखवायचं. तापीकाठच्या केळीवाल्यांपासून नेपानगरच्या कारखान्यातल्या लोकांपर्यंत सगळे बाबांना त्यामुळे ओळखतात. लोधीपुऱ्यातून भाजी घेऊन यायचं म्हटलं तरी त्यांना चार जण थांबवतात, “काका, आमच्या पोराचं ध्यानात आहे ना?” गुडघे दुखतात, हाताला कंप आहे, ऐकू कमी येतं, पण हे कुणी विचारलं की चालण्यात फरक पडतो. मी गच्चीवरून बघितलंय.

अध्यक्ष बाबांपेक्षा खूप लहान, केळीचे व्यापारी, माणूस वाईट नाही. त्या दिवशी यंदाच्या पुस्तिकेचं बघायला आले. बाबांनी मशीन लावलं. अध्यक्षांनी चहा घेतला. घड्याळ फिरतंय. त्यांनी फोनवर दोन ट्रकांचा सौदा उरकला. घड्याळ फिरतंय. आईनं परत चहा आणला. शेवटी ते उठले आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “काका, जमाना बदल गया. आता मोबाईलवर फॉर्म टाकला की काम खतम. पोरं करून टाकतील. तुम्ही आराम करा ना.”

म्हाताऱ्या माणसाला ‘आराम करा’चा अर्थ बरोबर कळतो. बाबा नुसते हसले. मीच मध्ये पडले, “अध्यक्ष, या रविवारी या. चहा खाली ठेवायच्या आत मशीन उघडलं नाही, तर द्या तुमच्या पोरांना.”

“ठीक आहे ताई,” ते म्हणाले, “रविवारी फैसला.”

ते गेल्यावर बाबा जेवायला बसले आणि अर्धी पोळी ठेवून उठले. मला म्हणाले, “मशीन खराब नाही गं, बेटा. माझ्यासारखं झालंय ते.” मला रडूही आलं आणि रागही. माझ्याकडे दोन्ही एकाच दारानं येतात. मी म्हटलं, “तुम्हाला काही झालेलं नाही आणि मशीनलाही काही झालेलं नाही. बघतेच मी!”

बघतेच म्हणाले खरी. पहिल्यांदा मी जे कुणीही करील ते केलं. आतल्या मशीनला मेमरी वाढवून दिली, प्रोसेसर वाढवून दिले. फरक पडला, पण नाव घेण्यासारखा नाही. मग त्यातलं जुनं अँटिव्हायरस काढलं. ते रोज उठून सगळं घर झडती घेतल्यासारखं तपासायचं. मग एक प्रिंटर सापडला, केव्हाच भंगारात गेलेला, पण मशीन रोज सकाळी त्याची वाट बघत थांबायचं. त्याचंही नाव खोडलं. प्रत्येक वेळी मी आशेनं बटण दाबायची, आई दारातून विचारायची, “झालं का?” आणि मी खेकसायची, “झालं की सांगीन ना!” आई म्हणायची, “बाप तसा आणि लेक अशी. माझंच मेलं नशीब.”

मशीन उठताना काय काय करतं त्याच्या नोंदी वाचल्या तेव्हा लक्षात आलं, की सिस्टिम तशी भरभर उठतेय. अडतंय ते पुढे, बाबांचं नाव आल्यावर, त्यांचा पडदा मांडताना. मग मी एक साधी गोष्ट केली. आतल्या मशीनमध्ये एक नवा वापरकर्ता तयार केला, नुसता, रिकामा, आणि त्याच्या नावानं उघडून बघितलं. अहो, पापणी लवायच्या आत उघडलं! म्हणजे मशीन ठणठणीत, घोळ बाबांच्याच सामानात. मी परत बाबांच्या नावानं उघडलं, पूर्ण उघडेपर्यंत हाताची घडी घालून बसले आणि समोर जे आलं ते पहिल्यांदाच नीट बघितलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. बाबांच्या डेस्कटॉपवर पोरं होती. म्हणजे फोटो. एकावर एक, त्यावर एक, चेहऱ्यावर चेहरा, मागची निळी जागा कुठे दिसेना. फोनवरून आलेले मोठमोठे फोटो, तसेच्या तसे, आणि प्रत्येकाची टाइप केलेली माहिती शेजारी. फायलींना बाबांनी नावं दिली होती ती अशी: ‘देडतलाई मुलगा बीएस्सी शेती’, ‘नेपानगर मुलगी बीएड उंच’, ‘लोधीपुरा मुलगा दुकान लाजाळू’. किती वर्षांचे होते देव जाणे. रोज सकाळी ते बिचारं मशीन ही सगळी वरात एकेक करून पडद्यावर आणून उभी करायचं आणि मग बाबांना म्हणायचं, या.

उपाय तर पोरखेळ होता. एक फोल्डर केला, सगळं उचललं, आत टाकलं. मशीन बंद करून चालू केलं. उघडलं! मी ओरडतच बाहेर गेले, “बाबा, चला, जादू बघा!”

बाबा आले. खुर्चीवर बसले. पडदा स्वच्छ निळा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“पोरं कुठे गेली?”

“आहेत की. या एका फोल्डरात टाकली सगळी.”

“परत ठेव.”

“बाबा, त्यांच्यामुळेच तर...”

“परत ठेव म्हटलं ना!” बाबा कधी ओरडत नाहीत. कचेरीतही कुणावर ओरडले नसतील. मी पण काही कमी नाही, मी म्हटलं, “रविवारी अध्यक्ष येतायत, त्यांना काय ही गर्दी दाखवणार? मग बसा आराम करत!” बोलून गेले आणि जीभ चावली.

बाबा खुर्चीत मागे टेकले. मग हळूच म्हणाले, “बेटा, लग्न जमलं की मी फोटो ‘शुभमंगल’मध्ये टाकतो. तो बघ, तिथं कोपऱ्यात फोल्डर आहे. ज्यांचं नाही जमलं ते समोर राहतात. आत टाकले की डोळ्याआड, आणि डोळ्याआड झालं की राहून जातं. लोकांनी आपली लेकरं माझ्या भरवशावर दिलीत. गड्डी बांधून कपाटात कशी टाकू?”

आई दारात उभी होती. मी सगळे फोटो परत ठेवले. घड्याळ परत फिरायला लागलं.

मग मीच म्हटलं, “बाबा, यातले किती जण खरंच कुंवारे आहेत?” बाबांनी माझ्याकडे बघितलं. लग्न जमलं की लोक पेढे घेऊन येतात, हे झालं आमच्या गल्लीपुरतं. लांबचे कशाला येतात कळवायला? “विचारावं लागेल,” बाबा म्हणाले.

आणि आम्ही विचारायला बसलो. फोन स्पीकरवर, कारण बाबांना ऐकू येत नाही, म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू येत होतं. पलीकडून आवाज यायचा, “अरे काका! राम राम! पोराचं लग्न? काका, त्याची पोरगी अंगणवाडीत जायला लागली!” की बाबा खूष होऊन ओरडायचे, “मग सांगायचं नाही का रे? इथं तुझा पोरगा अजून कुंवारा बसलाय माझ्या डोक्यावर!” फोन ठेवला की ते माउस धरायचे, फोटो उचलायचे आणि कापऱ्या हातानं ओढत ओढत ‘शुभमंगल’पर्यंत न्यायचे. अर्ध्या वाटेत सुटायचा. माझे हात शिवशिवायचे. मी हे एका झटक्यात केलं असतं. पण फोटो आत पडला की बाबा तोंडातल्या तोंडात “सावधान” म्हणायचे, आणि ते मला कुठे करता आलं असतं? आईनं तर दुसऱ्या दिवशी कमालच केली. वाटीत दराबा घेऊन आली. “इतकी लग्नं लागतायत घरात, कुणी तोंड गोड नको का करायला?”

त्या दिवसांत बाबा भरपूर जेवले. गुडघ्यांचं नाव नाही काढलं. मशीन रोज थोडं थोडं लवकर उघडत होतं, आणि बाबा मला विचारायचे, “आज बरं आहे ना गं त्याचं?” मला इतकं बरं वाटत होतं, की मी कंपनीच्या कामाकडे दुर्लक्ष केलं आणि साहेबाच्या शिव्या खाल्ल्या.

सगळेच फोन काही गोड नव्हते. एक मुलगा गेला होता, आजारानं. त्याचा बाप बाबांशी बराच वेळ बोलत राहिला, आणि शेवटी म्हणाला, “फोटो राहू द्या काका, असला तर.” तो राहिला. आणि एक फोन खकनारकडचा. मुलीची आई म्हणाली, “जमलं होतं ना काका, तुमच्या पुस्तकातूनच. हात उचलायचा तो. परत आणली आम्ही.” बाबा नुसतं “हो, हो” म्हणत राहिले. मग बाई म्हणाली, “दुसरं एखादं बघा तिला.” बाबा एरवी बापाशी बोलायचे, नाहीतर आईशी, रिवाजच तसा. त्या दिवशी ते म्हणाले, “तिला द्या फोन.”

मुलगी आली फोनवर. “बेटा,” बाबा म्हणाले, “तू सांग. तुझं काय करू? ठेवू का काढू?”

“काढून टाका काका,” ती लगेच म्हणाली. “शिकवणी घेते मी. बरं चाललंय माझं.”

बाबांनी तो फोटो काढला. मग मशीन बंद करून ओट्यावर जाऊन बसले, आणि थोड्या वेळानं मला हाक मारली.

“एक विचारू? चिडशील.”

“विचारा.”

“तुझं काय करू?”

मला ठाऊक होतं ते कशाबद्दल विचारतायत. त्या गर्दीत माझाही फोटो होता. फायलीच्या नावात गाव नाही, शिक्षण नाही, नुसतं ‘आपली’. वर्षानुवर्षं आमच्या घरात या विषयावर भांडणं झाली आहेत. स्थळं आली, बघणं झालं, एक तर सुपारी फुटेपर्यंत जाऊन मोडलं, आणि मग मी दार बंद केलं. प्रत्येक दिवाळीत आई रडायची, बाबा म्हणायचे “आमचं ऐक”, मी ताट सारून उठायची. माझ्याकडे उत्तरांचा भाता भरलेला होता. पण काय करू असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

मी म्हटलं, “मला नको आहे, बाबा. रुसून नाही म्हणत. तुम्ही दोघं, माझं काम, हे घर... मला खरंच बरं वाटतं इथं.”

“आम्ही गेल्यावर?”

“तेव्हा मी असेन की.”

बाबांनी मान हलवली. “बरं,” म्हणाले. एवढंच.

शनिवारी आम्ही शेवटची आवराआवर केली. डेस्कटॉपवर ज्यांना खरोखर जोडीदार हवा होता तेवढे राहिले, दोन-तीन रांगांत सुटसुटीत, त्यांच्यात तो गेलेला मुलगा, आणि खाली कोपऱ्यात मी. मी माउस घेतला आणि माझा फोटो उचलणार, तर बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला. “राहू दे.”

“काल तुम्ही बरं म्हणालात ना?”

“म्हणालो. राहू दे.”

झालं, माझं डोकं सटकलं. म्हणजे आशा सुटलेलीच नाही! सगळ्या जगाच्या पोरींना विचारून काढणार आणि आपलीला मात्र बाजारात मांडून ठेवणार! जेवेपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. आईनं वाढताना एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, “आता काय झालं? मशीन तर बरं झालं म्हणत होतात.”

रविवारी अध्यक्ष आले. बाबांनी पांढरा सदरा घातला होता. त्यांनी बटण दाबलं. आईनं चहा आणून अध्यक्षांच्या हातात दिला. त्यांनी पहिला घोट घेतला, कप बशीत ठेवायला खाली वाकले, आणि वर बघतात तो पडदा मांडून तयार.

“अरे वा! काका, ही तर कमाल झाली!”

बाबांचे कान लाल झाले. अध्यक्ष खुर्ची ओढून जवळ बसले आणि एकेक फोटो बघायला लागले. बाबा कागद न बघता सांगत होते, हा कुणाचा कोण, घरचे कसे आहेत, मुलीची खरी अपेक्षा काय आणि कागदावर लिहिलेली काय. अध्यक्ष मान डोलवत होते. मग त्यांचं बोट खाली कोपऱ्यात आलं.

“ह्या आपल्या ताई ना?” त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, मग बाबांकडे. आवाज खाली आणला, पण कुणापासून लपवणार, मी तिथेच उभी. “काका, नेपानगरला माझ्या साडूच्या नात्यात एक आहेत. विधुर आहेत, पण माणूस सीधा, घरदार चांगलं. यंदा ताईंना पण टाकू या ना पुस्तिकेत. मी स्वतः शब्द टाकतो.”

असा शब्द कुणी टाकावा म्हणून बाबा किती जणांच्या पायऱ्या चढले असतील, मला माहीत आहे. आणि पुस्तिकेचा फैसला अजून झालेला नव्हता, तो याच माणसाच्या हातात होता. मी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी राहिले.

बाबा म्हणाले, “नको अध्यक्ष. ते स्थळ नाही.”

“मग इथं कशाला ठेवलाय फोटो?”

“माझी लेक आहे ती,” बाबा म्हणाले. “मशीन उघडलं की दिसते. म्हणून ठेवलाय.”

अध्यक्षांनी परत एकदा फोटोकडे बघितलं. मग त्यांनी उरलेला चहा संपवला, कप ठेवला. “बरं काका,” ते म्हणाले, “पहिलं प्रूफ कधी दाखवता?”

मी तिथून निघाले, सरळ स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून रडले. आई लाटणं टाकून धावत आली. “काय झालं गं? नाही का उघडलं?”

“उघडलं गं आई,” मी म्हटलं. “लगेच उघडलं.”